सीवर्ल्डला नवीन राइड येणार म्हणतात: कोणती अफवा धरायची, कोणती सोडायची

प्रश्न असा आहे: दोन-एक वर्षांत मुलांना घेऊन अमेरिकेला जायचं आहे, ओरलँडो नक्की आणि जमलं तर सॅन दिएगोही. सीवर्ल्डबद्दल (समुद्री प्राणी आणि राइड असलेली तिथली पार्कं) तीन गोष्टी कानावर आल्या आहेत. ओरलँडोला आणखी एक मोठा रोलर कोस्टर येतोय, ऑर्कांचं (किलर व्हेलचं) स्टेडियम पाडून तिथे राइड उभी राहणार आहे, आणि सॅन दिएगोला 200 फुटांहून उंच कोस्टर येणार आहे. यात खरं किती, आणि त्यावर सहलीच्या तारखा ठरवाव्यात का?

आधी सरळ उत्तर. पहिली गोष्ट शक्य आहे, पण तिचं रूप बहुधा तुम्ही ऐकलंय त्यापेक्षा वेगळं असेल. दुसरी नजीकच्या काळात होण्यासारखी नाही. तिसरी आजच्या नियमांत बसतच नाही. तारखा मात्र यातल्या एकाही गोष्टीवर ठरवू नका. आता कारणं, म्हणजे पुढची अफवा आली की तुमची तुम्हालाच तपासता येईल.

सॅन दिएगोपासून सुरुवात करतो, कारण तिथला निकाल एका आकड्यावर लागतो: 160 फूट. किनारपट्टीच्या भागात 30 फुटांपेक्षा उंच बांधकाम नको, असा कौल त्या शहराच्या मतदारांनी 1972 मध्ये दिला. सीवर्ल्डला त्यातून सूट मिळाली ती 1998 मध्ये, तीही मतदानानेच, आणि फक्त 160 फुटांपर्यंत. तिथल्या दोन उंच कोस्टरचे आकडे बघा. 2018 चा इलेक्ट्रिक ईल 150 फूट, 2022 चा एम्परर 153 फूट. दोन्ही छताला डोकं टेकवून उभे आहेत. उंची वाढवता येत नसेल तर खड्डा खणून उतार लांबवायचा, ही या धंद्यातली जुनी युक्ती. पण पार्क जिथे आहे तो मिशन बे हा मुळात दलदलीचा भाग, गाळ उपसून आणि भराव घालून बनवलेला. थोडं खाली गेलं की पाणी. तिथे खोल खंदक खणायचा तर भिंतींना जलरोधक काँक्रीट, चोवीस तास चालणारे उपसा पंप आणि रिकामा खंदक पाण्याच्या दाबाने वर उचलला जाऊ नये म्हणून जडशीळ तळ, एवढं सगळं लागतं. उंचीच्या प्रत्येक फुटापेक्षा खोलीचा फूट महाग पडतो. त्यामुळे सॅन दिएगोला '205 फूट' वगैरे म्हणणारी बातमी दिसली की तिथेच वाचणं थांबवायला हरकत नाही.

शिवाय तिथली जमीन पार्कच्या मालकीची नाही. ती शहराकडून भाड्याने घेतलेली आहे, आणि समुद्रकिनारा असल्यामुळे कॅलिफोर्निया कोस्टल कमिशनची परवानगीही लागते. हा अडसर नुसता कागदी नाही. ऑगस्ट 2014 मध्ये कंपनीने 'ब्लू वर्ल्ड' नावाने ऑर्कांसाठी नवीन टाकी जाहीर केली होती. 50 फूट खोल, सुमारे 1 कोटी गॅलन पाणी, रंगीत चित्रं आणि उद्घाटनाचं वर्ष, सगळं तयार होतं. ऑक्टोबर 2015 मध्ये कमिशनने परवानगी दिली, पण ऑर्कांचं प्रजनन थांबवण्याची अट घालून. कंपनी कोर्टात गेली. मग मार्च 2016 मध्ये कंपनीने स्वतःच प्रजनन बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि टाकीचा बेत बारगळला. म्हणजे ही अफवाही नव्हती, खुद्द कंपनीची अधिकृत घोषणा होती, तरी एक वीट रचली गेली नाही. बाजारात तुरी म्हणतात ती हीच.

यातूनच दुसऱ्या अफवेचं उत्तर निघतं. ऑर्कांचं स्टेडियम पाडायचं तर आधी ऑर्का कुठेतरी न्यायला हव्यात. 2016 पासून प्रजनन बंद आहे, पण असलेले प्राणी आहेतच, आणि ऑर्का दीर्घायुषी असतात. माद्या तर अनेक दशकं जगतात. सस्तन सागरी प्राण्यांच्या टाक्यांचं किमान माप अमेरिकेत केंद्र सरकारच्या नियमांनी ठरलेलं आहे. त्यामुळे 'ठेवू कुठेतरी मागच्या बाजूला' असं चालत नाही. स्टेडियमच्या मागे दिसत नाहीत अशा टाक्या, गाळणीच्या मोठमोठ्या टाक्या, पाणी थंड ठेवणारी यंत्रं आणि जाड पाइपांचं जाळं असतं. ओरलँडो समुद्रापासून आत आहे, त्यामुळे तिथलं खारं पाणी जागेवरच मीठ मिसळून बनवावं लागतं. ही सगळी व्यवस्था हलवायचा खर्च एका नव्या कोस्टरच्या खर्चाशी स्पर्धा करेल. पार्कात कमी वापरातल्या इमारती उभ्या असताना कुठलाही नियोजनकार या जागेला आधी हात लावणार नाही.

आता ओरलँडो. इथे अफवा तपासायचा एकच प्रश्न मी सगळ्यात वर ठेवतो: जागा कुठली? नाव, चित्र, उंची, वेग हे सगळं नंतरचं. जी बातमी जागा सांगत नाही तिला किंमत नाही.

गेल्या काही वर्षांचा क्रम पाहा. 2022 मध्ये आइस ब्रेकर, 2023 मध्ये पाइपलाइन, 2024 मध्ये पेंग्विन ट्रेक, 2025 मध्ये एक्स्पिडिशन ओडिसी. दरवर्षी एक नवी राइड, पण शेवटच्या दोन कुठे आल्या ते महत्त्वाचं. पेंग्विन ट्रेक आला तो 2013 मध्ये उघडलेल्या अंटार्क्टिका विभागात. तिथली रुळांशिवाय चालणारी गाड्यांची राइड बंद पडली होती, इमारत रिकामी होती आणि पेंग्विन शेजारीच होते. नवा कोस्टर त्या इमारतीतून बाहेर पडतो, परत येतो, आणि उतरल्यावर माणूस थेट पेंग्विनपाशी पोहोचतो. एक्स्पिडिशन ओडिसी आली वाइल्ड आर्क्टिकच्या 1995 च्या इमारतीत. तिथला सिम्युलेटर काढला आणि जागी आर्क्टिकमध्ये चित्रित केलेल्या दृश्यांची उडती राइड बसवली. खालचे प्राणी होते तिथेच राहिले. चार भिंती, छत, वीज, वातानुकूलन, अग्निशमन आणि रांगेची जागा, हे आयतं मिळतं. म्हणून पुढचा अंदाज बांधायचा असेल तर पार्कचा नकाशा घ्या आणि कुठली मोठी इमारत बंद आहे किंवा नुसतीच वापराविना पडली आहे ती शोधा. बहुतेक वेळा उत्तर तिथे असतं.

छपराखालच्या राइडला ओरलँडोत आणखी एक जोरदार कारण आहे, ते म्हणजे उन्हाळ्यातली दुपार. जून ते सप्टेंबर जवळजवळ रोज दुपारी ढग भरून येतात आणि विजा चमकतात. वीज ठराविक अंतराच्या आत आली की बाहेरचे सगळे कोस्टर थांबतात. नुसत्या पावसात एखादा चालेल, विजेत कुठलाही नाही. मग एवढी माणसं जातील कुठे? हा प्रश्न चालकांना वर्षानुवर्षं सतावतो. म्हणून माझा कल असा, की ओरलँडोला पुढेही छपराखालच्या, घरच्या सगळ्यांना बसता येईल अशा राइडचं पारडं जड राहील. 300 फुटांचा राक्षस येणार म्हणणाऱ्यांना हे रुचत नाही, पण पार्कचा हिशोब रुचीवर चालत नाही.

उंच कोस्टर कधीच येणार नाही असं मात्र नाही. आला तर कागदावर आधी दिसेल, आणि कुठल्या कागदावर ते ठाऊक असायला हवं.

पहिला कागद पाण्याचा. सीवर्ल्ड ओरलँडो साउथ फ्लोरिडा वॉटर मॅनेजमेंट डिस्ट्रिक्टच्या हद्दीत येतं. काँक्रीट वाढलं, तळ्याची कड बदलली, पावसाचं पाणी वाहून जायची वाट बदलली, की या संस्थेची परवानगी लागते. अर्जासोबत जागेचा नकाशा जोडावा लागतो आणि तो कोणालाही पाहता येतो. पार्क नाव लपवेल, राइडचा प्रकार लपवेल, पण पाया किती चौरस फुटांचा आणि पाणी कुठे जाणार हे लपवता येत नाही. अफवांच्या बाजारात जे काही खरं बाहेर पडतं त्यातलं बरंच या नकाशांतूनच येतं.

नकाशा वाचायचा कसा? पायाचे ठिपके शोधा. एका सरळ रेषेत ठिपके आणि पुढे पुढे त्यांचा आकार वाढत गेलेला असेल तर ती लिफ्ट हिल, म्हणजे ट्रेनला वर ओढून नेणारा चढ, कारण उंच खांबाला मोठा पाया लागतो. सरळ रेषेत, जवळजवळ अंतरावर आणि एकसारखे छोटे ठिपके असतील तर ट्रॅक जमिनीलगत आहे. तो लाँचचा (ट्रेनला जोरात पुढे ढकलण्याचा) पट्टा किंवा ब्रेकचा पट्टा. दोन्हींतला फरक कळतो शेजारच्या खोलीवरून. लाँचला चुंबकीय मोटारींसाठी जबरदस्त वीज काही सेकंदांत लागते, म्हणून त्या पट्ट्याजवळ विजेची बऱ्यापैकी मोठी खोली दाखवलेली असते. लांबट आयत आणि त्याला जोडून दुसरा अरुंद आयत दिसला तर स्टेशन आणि ट्रेन बाजूला काढायची दुरुस्तीची शेड. या दुसऱ्या आयताची लांबी मोजली की ट्रेन किती लांब आणि किती ट्रेन, याचा अंदाज येतो. नकाशात ठिपके नसून नुसता मोठा चौकोन असेल तर बहुधा ते दुकान, खाण्याची जागा किंवा नुसता मंडप. निम्म्या 'नवीन कोस्टर'च्या बातम्या अशाच स्वच्छतागृहावर संपतात.

दुसरा कागद विमानांचा. जमिनीपासून 200 फुटांपेक्षा उंच काहीही उभारायचं तर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाला बांधकामाच्या किमान 45 दिवस आधी कळवावं लागतं. विमानतळ जवळ असेल तर कमी उंचीलाही. या नोंदींत उंची आणि जागेचे अक्षांश-रेखांश असतात. ओरलँडोचा कोस्टर मेको नेमका 200 फूट का, 210 का नाही, याचं एक कारण यात सापडेल. 200 ओलांडले की तपासणी, वर दिवे आणि रंगाच्या पट्ट्या यांची भानगड मागे लागू शकते. तेव्हा ओरलँडोच्या 250 फुटी कोस्टरची बातमी आली आणि या नोंदीत काही नसेल, तर काम सुरू व्हायला अजून बराच अवकाश आहे असं समजा.

तिसरा कागद ट्रेडमार्कचा, आणि सगळ्यात जास्त गोंधळ यानेच होतो. अमेरिकेत नाव 'पुढे वापरायचा इरादा आहे' एवढ्यावर अर्ज करता येतो. मंजुरीची सूचना मिळाल्यावर मुदतवाढ घेत घेत जास्तीत जास्त 36 महिने वापर न करताही ते नाव धरून ठेवता येतं. कंपन्या एका राइडसाठी तीन-चार नावं नोंदवतात आणि उरलेली सोडून देतात. म्हणून नावापेक्षा अर्जातला वर्ग आणि वर्णन वाचा. वर्ग 41 म्हणजे करमणूक सेवा, पण त्यात राइड, प्रयोग, उत्सव सगळंच येतं. वर्णनात 'अम्युझमेंट पार्क राइड' असे शब्द आहेत का ते बघा. त्याच नावासाठी वर्ग 25 म्हणजे कपडे आणि वर्ग 28 म्हणजे खेळणी यांतही अर्ज असेल तर दुकानाची तयारी सुरू झाली असं धरायला जागा आहे. नुसता 41, तोही गुळमुळीत वर्णनाचा असेल, तर तो एखादा दिवाळी अंकासारखा हंगामी कार्यक्रमही असू शकतो.

जो कागद लोक शोधतात आणि जो मिळत नाही तो म्हणजे राज्याचा राइड-तपासणीचा दाखला. फ्लोरिडात हजाराहून जास्त कर्मचारी आणि स्वतःचे पूर्णवेळ तपासनीस असलेल्या कायमस्वरूपी पार्कना राज्याच्या नेहमीच्या तपासणीतून वगळलेलं आहे. सीवर्ल्ड त्यात बसतं. म्हणजे राज्याकडे अर्ज दिसला नाही म्हणून राइड येत नाही, हा निष्कर्ष चुकीचा.

कागदानंतर जमीन. तुमच्या ओळखीचं कोणी तिकडे राहत असेल आणि पार्कातून फोटो पाठवत असेल, तर त्यांना वर नव्हे, खाली बघायला सांगा. अमेरिकेत खोदकामाआधी जमिनीवर रंगांच्या रेघा मारतात आणि छोटे झेंडे रोवतात. प्रत्येक रंगाचा अर्थ ठरलेला आहे. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, केशरी फोन आणि केबल, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी, जांभळा पुनर्वापराचं पाणी. गुलाबी म्हणजे तात्पुरती मोजणी, आणि पांढरा म्हणजे इथे खणायचं आहे. एकटी निळी रेघ दिसली तर पाइप गळतोय, बाकी काही नाही. पण एखाद्या हिरवळीवर पांढऱ्या चौकटी, प्रत्येक चौकटीच्या मध्यावर आकडा लिहिलेली खुंटी आणि गुलाबी फीत, अशा दहा-बारा चौकटी वळण घेत गेलेल्या दिसल्या, तर तो कोस्टरचा पाया आहे. वळणाची रेषाच सांगते. इमारतीचे खांब काटकोनात येतात, कोस्टरचे येत नाहीत.

त्यापुढे पाया भरला की बोल्ट दिसतात. काँक्रीटमधून गोलात वर आलेले जाड बोल्ट आणि त्यांवर वंगण लावून गुंडाळलेलं प्लास्टिक. गोलाचा व्यास मोठा आणि बोल्टही जास्त, तर खांब उंच. इथे चूक झाली तर ती फार महागात पडते. ओतताना बोल्टांचा साचा थोडा जरी फिरला तरी खांबाची तळपट्टी बसत नाही. मग छिद्रं मोठी करा, नाहीतर काँक्रीट फोडून पुन्हा ओता. बाहेरून दिसतं ते एवढंच, की काम महिनाभर थांबलंय. लगेच 'प्रकल्प रद्द' अशी हाकाटी सुरू होते.

मग पोलाद. ट्रॅकचे तुकडे ट्रकवर आले की बनवणाऱ्याचं नाव सांगता येतं. दोन रुळांखाली चौकोनी पोकळ पेटीसारखा जाड कणा दिसला तर ते स्वित्झर्लंडच्या बॉलिगर अँड माबियार कंपनीचं काम. ओरलँडोचे क्राकेन, मान्टा, मेको, पाइपलाइन आणि पेंग्विन ट्रेक हे पाचही तिचेच. हे डोळ्यांनी ओळखायला अमेरिकेला जायची गरज नाही. खोपोलीच्या इमॅजिकातला 2013 चा नायट्रो त्याच कंपनीचा, क्राकेनसारखाच पायाखाली तळ नसलेला. त्याच्या खाली उभं राहून वर पाहिलंत की तो कणा पाठ होतो. अमेरिकेसाठीचा या कंपनीचा ट्रॅक ओहायोतल्या बटाव्हिया गावच्या कारखान्यात बनतो, त्यामुळे तिथल्या अंगणात कुठल्या रंगाचा ट्रॅक सुकतोय यावरही मंडळी नजर ठेवून असतात. रंगावरून मात्र घाई करू नका. तो तुकडा अंगणातल्या दुसऱ्याच पार्कचा असू शकतो, किंवा जुन्या कोस्टरचा बदली भागही.

बहीण-पार्कांकडे बघणं हाही एक भरवशाचा मार्ग. सीवर्ल्डची कंपनी (फेब्रुवारी 2024 पासून नाव युनायटेड पार्क्स अँड रिसॉर्ट्स) एकाच प्रकारची राइड अनेक ठिकाणी घेते. सॅन दिएगोच्या इलेक्ट्रिक ईलचंच मॉडेल आधी 2015 मध्ये विल्यम्सबर्गच्या बुश गार्डन्सला टेम्पेस्टो म्हणून आलं होतं आणि नंतर 2019 मध्ये टँपाच्या बुश गार्डन्सला टिग्रिस म्हणून आलं. 2023 मध्ये मोटारसायकलसारखं पाय टाकून बसायचे, इंटामिन या राइड बनवणाऱ्या कंपनीचे दोन लाँच कोस्टर एकाच वर्षी आले, सॅन दिएगोला आर्क्टिक रेस्क्यू आणि विल्यम्सबर्गला डार्ककोस्टर. रचना, नियंत्रण प्रणाली, सुटे भाग, प्रशिक्षण यांत बचत होते. त्यामुळे एका पार्कात एखादी गोष्ट चालली की ती दुसरीकडे जाण्याची शक्यता, जगात कुठेच नाही अशा राइडपेक्षा खूप जास्त.

याच मॉडेलवरून क्षमतेचा हिशोबही करून बघण्यासारखा आहे, कारण अफवा पसरवणारे नेमका हाच विसरतात. इलेक्ट्रिक ईलवर 18 जणांची एकच ट्रेन. चढणं, पट्ट्या तपासणं, फेरी, उतरणं धरून अडीच मिनिटं लागली तर तासाला 24 फेऱ्या, म्हणजे 432 माणसं. ओरलँडोच्या मान्टाला एका ट्रेनमध्ये 32 जण. दर 80 सेकंदांनी एक ट्रेन सुटली तर तासाला 45 फेऱ्या, म्हणजे 1440. गर्दीच्या दिवशी पहिल्या प्रकारच्या राइडची रांग दोन तासांवर जाते आणि पार्क मुख्य आकर्षण म्हणून ती जाहीर करायला कचरतं. तेव्हा 'ओरलँडोला पुढचं मोठं आकर्षण म्हणून एकाच ट्रेनचा कोस्टर' असं ऐकलंत तर साशंक राहा.

पाहणीतले प्रश्न, म्हणजे पार्क पासधारकांना पाठवतं ते 'यातलं तुम्हाला काय आवडेल' असे तक्ते, मी जवळपास शून्य किमतीचे धरतो. त्यांत आठ-दहा कल्पना एकदम तपासतात आणि कित्येकदा एकही बांधत नाहीत. कंपनीचे तिमाही निकाल मात्र ऐकावेत. गुंतवणूकदारांसमोर पुढच्या वर्षी कुठल्या पार्कात काय येतंय याचा ढोबळ उल्लेख होतो, आणि तिथे उगाच काही बोलणं अंगाशी येऊ शकतं.

आता तारखा. जाहीर झालेलं वर्षही पक्कं धरू नये. आइस ब्रेकर 2020 च्या वसंतासाठी जाहीर झाला होता, उघडला फेब्रुवारी 2022 मध्ये. एम्पररचीही तीच कथा, 2020 चा मार्च 2022 ला उघडला. त्यात कोविड होता हे मान्य. पण पेंग्विन ट्रेकही 2024 च्या वसंतासाठी म्हणून सांगितला होता आणि उघडला जुलैत. उशीर का होतो ते सांगतो. ट्रॅक जुळून वर्तुळ पूर्ण झालं की पहिली ट्रेन धावत नाही, तिला दोरीने ओढत हळूहळू पूर्ण फिरवतात. ट्रेनवर एक चौकट लावलेली असते. बसलेल्या माणसाचे हात-पाय जास्तीत जास्त जिथवर पोहोचतील त्या मापाची ती असते, आणि ती कुठेही घासता कामा नये. घासली तर खांब, भिंत, सजावटीचा दगड, जे आड येईल ते कापायचं. समुद्री पार्कात सजावटीचे खडक आणि बोगदे पुष्कळ, त्यामुळे इथे वेळ जातोच.

त्यानंतर रिकाम्या फेऱ्या, मग पाण्याने भरलेले पुतळे बसवून फेऱ्या. लाँच कोस्टरला आणखी वेळ लागतो. थंड सकाळी रिकामी ट्रेन आणि तापलेल्या दुपारी भरलेली ट्रेन यांचा वेग वेगळा असतो, आणि कमी वेगाची ट्रेन टेकडी न ओलांडता मागे आली तर ती सुरक्षित थांबायला हवी. हे प्रत्येक स्थितीत तपासावं लागतं. आइस ब्रेकरमध्ये तर एकामागून एक चार लाँच आहेत, पुढे आणि मागे. शेवटी ट्रॅकचे विभाग करून दोन ट्रेन एकमेकींच्या जवळ येऊच शकत नाहीत हे मुद्दाम बिघाड घडवून सिद्ध करतात. बाहेरून 'रोज धावतेय, मग उघडत का नाहीत' असं वाटतं ते या काळात. सुरळीत धावायला लागल्यापासून लोकांना आत घेईपर्यंत सहा ते दहा आठवडे मी साधारण धरतो.

प्राण्यांमुळेही वेळापत्रक हलतं. डॉल्फिनच्या टाकीजवळ हातोड्याने खांब ठोकणं टाळायचं, कारण आवाज पाण्यातून फार लांब जातो. मग भोक पाडून त्यात काँक्रीट भरायची संथ पद्धत घ्यावी लागते. ट्रॅकच्या पोकळ भागात वाळू भरून गडगडाट कमी करता येतो, पण त्याने वजन वाढतं, आणि म्हणून ते सुरुवातीलाच ठरवायला लागतं. मागाहून सुचून उपयोग नाही.

अबू धाबीच्या सीवर्ल्डबद्दलही थोडं, कारण आखातातली आपली बरीच मंडळी आणि मुंबईहून जाणारे आता तिकडे वळतात. यास बेटावरचं हे पार्क 23 मे 2023 ला उघडलं. तिथे ऑर्का नाहीत, आणि बहुतेक सगळं छपराखाली आहे. वर सांगितलेली कागदांची युक्ती तिथे चालत नाही, कारण असे नकाशे सर्वांसाठी खुले नसतात. तिथे पार्क उभारणाऱ्या मिराल कंपनीची घोषणा हाच आधार, बाकी सगळी हवा.

हवा म्हटल्यावर मालवण आठवणं साहजिक आहे. तोंडवळी-वायंगणीच्या सी-वर्ल्डची चर्चा सिंधुदुर्गात इतकी वर्षं चालली, जमिनीवरून विरोध झाला आणि प्रकल्प उभा राहिला नाही. नाव सारखं असलं तरी त्याचा या अमेरिकन पार्कांशी संबंध जोडू नका. शिवाय मे 2013 पासून भारतात डॉल्फिनेरियमना परवानगी नाही, त्यामुळे डॉल्फिनच्या खेळांचं पार्क इथे येण्याचा प्रश्नच नाही.

सहलीचं म्हणाल तर असं करा. ज्या राइडचा ट्रॅक पूर्ण जोडला गेलाय आणि ट्रेन धावताना दिसतेय तीच धरा, आणि जाहीर तारखेनंतर तीन महिने सोडून तिकिटं काढा. जानेवारी-फेब्रुवारीत जाणार असाल तर आहेत त्या राइडही डागडुजीसाठी बंद असू शकतात. पार्कच्या संकेतस्थळावर बंद राइडची यादी असते, ती तिकिटांआधी बघा. नवीन राइड अधिकृत तारखेच्या थोडं आधी पासधारकांना उघडतात, त्यामुळे तिकडे राहणारं कोणी सोबत असेल आणि त्यांच्याकडे वार्षिक पास असेल तर विचारून ठेवा.

आणि नवीन काय येतंय यापेक्षा मुलांची उंची आधी मोजा. मेको, मान्टा, क्राकेन आणि पाइपलाइनला किमान 54 इंच लागतात, म्हणजे 137 सेंटिमीटर. आइस ब्रेकरला 48 इंच, म्हणजे 122. पेंग्विन ट्रेकला 42 इंच, म्हणजे 107. घरी भिंतीशी उभं करून मोजलेलं माप तिथल्या दांडीखाली अर्धा-पाऊण सेंटिमीटर इकडेतिकडे होतं, त्यामुळे मूल 136 ला असेल तर मेकोचं वचन देऊ नका. तेवढ्यासाठी सहल सहा महिने पुढे ढकलणं मात्र मला पटेल.